डिस्कस मासा आणि मत्स्यपेटीतील पाणी
(इयत्ता सहावी व सातवी : सामान्य विज्ञान)

गप्पी मासा नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस नवा नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून तो हौदांत व साचलेल्या पाण्यात सोडला जातो, आणि कोणी विशेष देखभाल न करताही तेथे त्याची पिलावळ वाढते. याउलट, मुंबईहून वा सुरतेहून हौसेने आणलेला डिस्कस मासा काचेच्या नव्या पेटीत, वेळच्या वेळी खाणे मिळत असताही, कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगावतो. दोन्ही मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच. मग हा फरक कशामुळे पडतो? हा प्रश्न शिक्षकाने वर्गापुढे प्रथम ठेवावा व उत्तर सांगण्याची घाई करू नये. ‘थंडीने’, ‘उपासाने’, ‘नजर लागून’ अशी उत्तरे येतील. ती सर्व फळ्यावर लिहून घ्यावीत.

डिस्कस हा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मासा होय. थाळीसारखा गोल व चपटा, पूर्ण वाढला म्हणजे वीतभर भरणारा. १८४० साली हेकेल या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची एक गोष्ट मुलांना फार आवडते. या माशाच्या नर व मादी दोघांच्याही अंगावर एक पोषक स्राव सुटतो आणि पिले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगाला लगटून तोच खातात. माशांत असे संगोपन विरळाच.

ज्या पाण्यात हा मासा राहतो ते पाणी कसे असते, हा पाठाचा खरा गाभा आहे. ॲमेझॉनच्या अरण्यातील अनेक प्रवाहांत पालापाचोळा कुजून पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. त्यात क्षार अत्यंत थोडे असतात; ते किंचित आम्लधर्मी असते आणि बारा महिने उबदार राहते. आपल्याकडील स्थिती वेगळी. येथील भूमी बहुतांशी काळ्या पाषाणाची. त्यातून झिरपणारे विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. ते सहसा दुष्फेन व किंचित अल्कधर्मी असते. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी जे पांढरे पुट बसते ते याच क्षारांचे. गप्पीला असे पाणी मानवते. डिस्कसला, विशेषतः रानातून धरलेल्या डिस्कसला, ते मानवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत पैदास केलेले डिस्कस पुष्कळ सोशिक झाले आहेत खरे, परंतु त्यांचीही अंडी अशा पाण्यात बहुधा फळत नाहीत.

येथे एक प्रयोग करावा. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत कूपनलिकेचे व दुसरीत कौलांवरून धरलेले पावसाचे पाणी, सारख्याच मापाने भरावे. दोहोंत साबणाच्या पाण्याचे पाच-पाच थेंब टाकून हलवावे. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस येतो. दुसऱ्यात बहुधा नुसता दहीसारखा साका दिसतो. शालेय आवारात देशी बदामाचे झाड असल्यास त्याची वाळलेली पाने एका भांड्यात भिजत घालावीत. पाणी तांबूस होते. पानांतील टॅनिनामुळे पाणी थोडे आम्लधर्मी होते म्हणून हौशी लोक ती पेटीत घालतात. मात्र फार दुष्फेन पाण्यात त्यांनी केवळ रंग येतो, आम्लता फारशी वाढत नाही. बाजारात या पानांचे पुडे विकत घेणाऱ्यांना हे क्वचितच ठाऊक असते. पावसाचे पाणी मिसळणे हा उपाय अधिक खात्रीचा. पहिल्या एक-दोन सरींचे मात्र घेऊ नये, कारण त्यांत छपरावरची धूळ उतरते.

आता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील मृत्यूकडे वळावे. माशाच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. उरलेले अन्न कुजूनही तोच निर्माण होतो. अमोनिया विषारी आहे. जुन्या, मुरलेल्या पेटीत वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ निरुपद्रवी असते. शेतात शेणखत कुजून पिकाला नत्र मिळते, त्यातील हीच क्रिया होय. शेतकऱ्यांच्या मुलांना ती समजाविण्यास वेळ लागत नाही. नव्या पेटीत ही वस्ती वसण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखे नितळ दिसते, आणि त्यातच मासा गुदमरत असतो.

आपल्या पाण्यात हा धोका अधिक, याचे कारणही वर्गात सांगण्यासारखे आहे. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातवरून आठवर गेला तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे नऊ पट होतो. पाणी तापल्यानेही तो वाढतो. म्हणून अल्कधर्मी व उष्ण पाण्याच्या पेटीत थोडे जास्त टाकलेले खाणेही घातक ठरते.

शाळांतून होणारी सर्वांत मोठी चूक मात्र आळसाची नसून उत्साहाची असते. शनिवारी सफाईच्या वेळी मुले पेटी रिकामी करतात, वाळू धुतात, गाळणीचा स्पंज नळाखाली चोळून पांढराशुभ्र करतात. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचे क्लोरीन असते. त्याने जंतूंची वस्ती नष्ट होते व पेटी पुन्हा नवी होते. मुलांनी मनोभावे केलेल्या कामाचे फळ सोमवारी मेलेल्या माशांच्या रूपाने समोर यावे, यासारखे दुःख नाही. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. पेटी कधीही एकदम रिती करू नये. आठवड्यास चौथा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग घालावे, व ते पेटीतील पाण्याइतकेच उबदार असावे. काढलेले पाणी परसबागेतील भाजीला द्यावे.

डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरात हिवाळ्यात विजेच्या तापकावाचून ती टिकत नाही, आणि वीज गेल्यास पेटीभोवती गोधडी गुंडाळावी लागते. उन्हाळ्यात उलट अडचण येते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला तर औषध शोधू नये, हवेचा पंप आधी पाहावा. माठ जसा पाझरून गार होतो तसे पेटीवर पंख्याचा वारा सोडल्याने पाणी काही अंशी निवते. मात्र पाणी आटते आणि क्षार मागे राहतात, म्हणून आटलेली भर पावसाच्या पाण्याने करावी.

आजारी डिस्कस ओळखणे कठीण नाही. त्याचा रंग काळवंडतो, तो कोपऱ्यात तिरका उभा राहतो, पर मिटून घेतो व खाणे सोडतो. पांढरी, धाग्यासारखी विष्ठा हे आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या उपद्रवाचे लक्षण असू शकते. पाणी तपासण्यापूर्वी पेटीत कोणतेही औषध ओतू नये. नवीन मासा तीन-चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवूनच इतरांत सोडावा.

हा मासा कळपाने राहणारा आहे. दोन-तीनच ठेवल्यास बलवान मासा दुबळ्यास छळतो. पाच-सहा ठेवावयाचे तर दोन-अडीचशे लिटरची पेटी हवी. सामान्य ग्रामीण शाळेने हा खर्च करू नये, हेच उचित. याच पाठासाठी गप्पीची पेटी पुरेशी आहे. जंतूंची क्रिया दोन्हींत एकच. ज्या घरी किंवा शाळेत डिस्कस आधीच आला असेल, तेथे मात्र वरील काळजी रोज घ्यावी लागेल.

नकोसा झालेला कोणताही शोभेचा मासा तापीत, नर्मदेत, नाल्यात वा तोरणमाळच्या तलावात सोडू नये, हे मुलांना स्पष्ट सांगावे. उजनी जलाशयात शोभेच्या पेट्यांतला परदेशी सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला, तो असाच कोठून तरी सुटलेला.