जवळची वाट आणि लवकरची वाट

दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को किती दूर आहे? पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सैबेरिया, उत्तरेकडील गोठलेला महासागर आणि अलास्का यांवरून जातो. हीच सर्वांत जवळची वाट. ती सुमारे १२,४०० कि.मी. भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र ती वाकडी आणि उगाच लांबची दिसते. पण या वाटेवर मोठे विमानतळ विरळ आहेत. वाटेत बिघाड झाल्यास विमान कोठे उतरवावे, ही चिंता वैमानिकाला अंतरापेक्षा मोठी असते.

डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमध्ये थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेस युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जात असे. हे अंतर सुमारे १३,९०० कि.मी. होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर १५,३०० कि.मी. झाले, म्हणजे १,४०० कि.मी. वाढले, आणि तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले!

याचे कारण वाऱ्यात आहे. या अक्षांशांवर दहा-बारा कि.मी. उंचीवर वारे प्रायः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात मोजला जातो आणि ती हवाच वाहत असते. समजा, विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी. आणि वाऱ्याचा १०० कि.मी. आहे. वारा समोरून आला, तर जमिनीच्या संदर्भात वेग ८०० होतो आणि १३,९०० कि.मी.साठी सुमारे १७ तास २२ मिनिटे लागतात. वारा पाठीशी असेल, तर वेग १,००० होतो आणि १५,३०० कि.मी. १५ तास १८ मिनिटांत संपतात. लांबचा रस्ता धरूनही इंधन वाचते ते असे. परतताना विमान अटलांटिकवरून येई. म्हणजे जातानाही पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडेच. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण!

घड्याळाची गंमत वेगळीच. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते. रविवारी पहाटे चारला निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी उतरतो, तेव्हा तेथे रविवारचेच सकाळचे सहा वाजलेले असतात.

वाऱ्याचा अंदाज घेऊन वाट बदलता येते. बंद झालेल्या आकाशापुढे मात्र इलाज नसतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद ठेवली होती. दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या एका भारतीय कंपनीच्या लहान विमानांना वळसा घालावा लागला. तेवढ्या लांबच्या प्रवासाला टाकीतील इंधन पुरेना, म्हणून ती वाटेत दोहा येथे उतरत आणि इंधन भरून पुढे निघत. दोन्ही शहरे होती तेथेच होती.