संकेतस्थळावरील मराठी आणि दृष्टिहीन वाचक

जळगाव येथील दीपस्तंभ फाऊंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दृष्टिहीन व अन्य दिव्यांग विद्यार्थी निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. दृष्टिहीन परीक्षार्थीचा मोठा आधार म्हणजे स्क्रीन रीडर, अर्थात पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी संगणकप्रणाली. यांपैकी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य असून मराठीही वाचते. साधन हाती आहे. अडते ते बहुधा कार्यालयाने तयार केलेल्या मजकुरापाशी.

ते कसे, हे समजून घ्यावयास हवे. जाहिरात वा सूचना छापून, सही-शिक्का घेऊन, स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचा प्रघात आहे. डोळस वाचकास ते पान दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ते निव्वळ छायाचित्र. चित्रातून अक्षरे ओळखणारी साधने निघाली आहेत खरी. परंतु अर्जाची अंतिम तारीख ओळखण्यात एक आकडा चुकला, तर परीक्षार्थीचे वर्ष वाया जाते.

दुसरी अडचण आपल्या लिपीची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसविलेली असत. पडद्यावर ‘धुळे’ दिसते, पण आत साठविलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे, आणि आवाज त्यांचाच उच्चार करतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर, मग तो अहिराणीतील का असेना, देवनागरी म्हणूनच वाचला जातो. (बोलीचा ठसका त्यात उतरत नाही, हे निराळे!)

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ अन्वये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर त्यांना सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात अशी डिजिटल सुगमता संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानली. तेव्हा ही केवळ सवलत म्हणता येणार नाही.

साक्री वा शिरपूर तालुक्यातील ग्रामसेवकास किंवा शिक्षकास याची परीक्षा स्वतः करता येईल. सूचनेतील एक ओळ माऊसने निवडून पाहावी. निवडता न आल्यास ते चित्र समजावे. निवडलेली ओळ दुसऱ्या फाईलमध्ये उतरविताच अगम्य चिन्हे उमटली, तर फॉन्ट जुना आहे. अर्जाचा नमुना माऊसला हात न लावता, केवळ टॅब कळीने शेवटपर्यंत भरता येतो का, हेही पाहावे. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारी खूण असेल, तर तिला ध्वनीचा पर्याय हवा. माहितीपटास मजकुराच्या ओळी जोडल्यास कर्णबधिरांची सोय होते.

सही-शिक्क्याची प्रत अभिलेखासाठी आवश्यक असते, ती अवश्य ठेवावी. तिच्या शेजारी मूळ टंकलिखित फाईलही ठेवावी. ती लिपिकाच्या संगणकात बहुधा आधीपासूनच असते.