आई-बाबांसाठी ज्येष्ठ नागरिक वसाहतीत घर घ्यायचं? आधी वहीत मांडा



व्हिडिओत फळ्यावरचे आकडे भरभर पुढे गेले, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

धंद्याच्या क्लासमध्ये म्हातारपणाचं घर कुठून आलं, असं काहींना वाटेल. पण तुम्ही तिशी-चाळिशीत स्वतःचा धंदा काढायला निघता, तेव्हा आई-बाबा साठीच्या पुढे असतात. घरातली सगळ्यात मोठी शिल्लक बहुतेक वेळा त्यांच्याच नावावर असते. त्या शिल्लकीचं घर झालं तर तुमच्या धंद्यालाही त्याचा धक्का लागतो. तेव्हा हा हिशेब फक्त त्यांचा नाही, तुमचाही आहे.

पुण्यात अशा वसाहती आता नव्या राहिलेल्या नाहीत. परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’चं नाव तर घराघरांत माहीत आहे. साधारण पंचावन्न किंवा साठ वर्षांपुढच्यांनाच प्रवेश, आवारात जेवणाची सोय, खोलीत मदतीची घंटा, नर्स, लिफ्ट, समवयस्कांची सोबत, असं एकंदर चित्र असतं. माहितीपत्रकात कारंजं आणि हसरे आजी-आजोबा दिसतात. आपण आकडे बघू.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. बाबा 67, आई 63. कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं. आता तो गाळा भाड्याने दिलाय, महिना 18,000 येतात. दुकानदाराला पेन्शन कुठली! शिल्लक 35 लाख, दोघांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. या योजनेत सध्या 8.2 टक्के व्याज आहे आणि एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तिमाहीला मिळतं. महिन्यावर आणलं तर 23,900 रुपये होतात. म्हणजे एकूण आवक 41,900.

खर्च असा धरू. सोसायटी, स्वयंपाकाच्या मावशी, धुणं-भांडी, किराणा-गॅस, किरकोळ दुरुस्ती, दवाखान्याची रिक्षा मिळून 20,000. औषधं, मेडिक्लेम, फोन, प्रवास, सणवार 12,000. एकूण 32,000. महिन्याला 9,900 उरतात. घर व्यवस्थित चाललंय.

आता पुण्याजवळच्या वसाहतीतला 50 लाखांचा तयार फ्लॅट. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. फक्त आईच्या नावावर घेतला तर एक टक्का वाचतो, तो जरूर वाचवा. नोंदणी 30,000. एकरकमी ठेव 2 लाख, सामान हलवणं-लावणं 2 लाख 20 हजार. झाले 58 लाख. (इमारत बांधकामाधीन असेल तर जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घरावर तो लागत नाही.) कोल्हापूरचा फ्लॅट 40 लाखांना गेला, दलाली वगैरे जाऊन 39 हातात. राहिलेले 19 लाख शिल्लकीतून मोडायचे.

तिथला महिन्याचा खर्च: मेंटेनन्स जीएसटी धरून 10,000, दोघांचं मेसचं जेवण 12,000, वरचा चहा-नाश्ता-फळं 3,000. एकूण 25,000. विक्रीवाला इथेच टाळी घेतो: “काका, घरी वीस लागतात, इथे पंचवीस. पाच हजारांत एवढं सगळं!”

ते पाच हजार नाहीत. मोडलेल्या 19 लाखांवर 8.2 टक्क्यांनी महिन्याला सुमारे 13,000 व्याज येत होतं, ते बंद झालं. खरा जादा खर्च 18,000. आता पुन्हा बेरीज करा. शिल्लक राहिली 16 लाख, तिचं व्याज 10,900. गाळ्याचे 18,000 धरून आवक 28,900. खर्च 25,000 अधिक 12,000, म्हणजे 37,000. महिन्याला 8,100 कमी पडतात. जे घर दहा हजार शिल्लक टाकत होतं, ते आठ हजारांच्या खड्ड्यात गेलं. आणि घर तर विकत घेतलंय, कर्ज एक रुपयाचं नाही!

हा खड्डा कोण भरणार? तुम्हीच. पहिल्या वर्षी धंद्यातून स्वतःसाठी किती रक्कम उचलायची ते ठरवता, त्यात हे आठ हजार आजच लिहा. बाबांच्या शिल्लकीतून भांडवल मिळेल असं मनात असेल, तर ते आकडेमोडीतून खोडून टाका. उरलेले 16 लाख ही त्यांची हॉस्पिटलची रक्कम आहे, तुमच्या मशिनची नाही. मशिनसाठी मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे, आधी तिकडे जा.

पुढचा धडा स्थिर खर्चाचा. कोल्हापुरातही महागाई आहेच. पण तिथे हात आखडता घेता येतो. मावशी एक वेळच्या करता येतात, रंगकाम वर्षभर पुढे ढकलता येतं. वसाहतीतलं बिल ठरलेलं, त्यात घासाघीस नाही. ते दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढलं तर नऊ वर्षांत 25,000 चे 50,000 होतात. तेव्हा बाबा 76 वर्षांचे असतील. मेंटेनन्स कोण वाढवतं, किती वाढवू शकतं, त्याला वरची मर्यादा आहे का, हे तोंडी ऐकू नका, करारात बघा. मागच्या पाच वर्षांची बिलं तिथल्याच एखाद्या रहिवाशाकडे मागा. लोक दाखवतात, आणि बरंच बोलतातही.

मग फायदा काय, तर तोही मोठा आहे, आणि मी तो कमी लेखणार नाही. दोघांपैकी एक मागे राहिलं तर काय होतं, ते बघा. वसाहतीत मेसचे 6,000 कमी होतात, मेंटेनन्स मात्र पूर्ण दहा हजार चालूच. पैशाच्या दृष्टीने ते सर्वांत अवघड वर्ष. पण सोयीचा मोबदला खऱ्या अर्थाने मिळतो तोही त्याच वर्षी. रात्री दोन वाजता एकट्या आईला घेरी आली, तर कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावर दार कोण उघडणार? इथे घंटेला उत्तर देणारं कोणीतरी असतं. जेवायला टेबलावर चार माणसं असतात. याला रुपयांत भाव लावता येत नाही, पण त्यासाठी 18,000 मोजायचे की नाही, हे तरी स्पष्ट दिसतं. शेजारी हाकेच्या अंतरावर भाऊ-वहिनी असतील, तर हीच सोय तुमच्याकडे फुकट आहे. मुलं परगावी आणि नातेवाईक पांगलेले असतील, तर 18,000 जास्त नाहीत असं माझं मत.

मात्र एक गैरसमज काढून टाका. अशा बऱ्याच वसाहती हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात, ते हॉस्पिटल नव्हे. अंथरुणाला खिळलं तर मदतनीस वेगळ्या पैशांनी लावावा लागतो. काही ठिकाणी दुसरीकडे हलवा असंही सांगतात. थेट विचारा: “बाबांना स्मृतिभ्रंश झाला तर ते याच खोलीत राहतील का, आणि तेव्हा महिना किती?”

घर बघायला जाताना मोजपट्टी न्या. ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांत किमान काय सोयी हव्यात, हे महारेराने 2024 मध्ये ठरवून दिलंय. दार किमान 900 मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी रचना, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी फरशी वगैरे. प्रकल्प त्याआधीचा असला तरी तुमच्या आईच्या व्हीलचेअरची रुंदी तेवढीच राहणार आहे.

आता बाहेर पडण्याची वाट. हा फ्लॅट विकायचा तर बहुतेकदा गिऱ्हाईकही वयाच्या अटीत बसणारंच लागतं, म्हणजे बाजार लहान. तुम्हाला वारसाने मिळाला तरी चाळिशीत तुम्ही तिथे राहू शकणार नाही. विकला जाईपर्यंत रिकाम्या घराचा मेंटेनन्स मात्र भरायचा. हस्तांतर शुल्क किती, तेही विचारून ठेवा.

काही ठिकाणी विक्री नसतेच. मोठी ठेव घेऊन आयुष्यभर राहू देतात आणि नंतर कापून परत देतात. तिथे तुम्ही मालक नाही, संस्थेचे धनको आहात. संस्थेची तब्येत बिघडली की तुमची ठेवही आजारी. शिवाय जुनं घर विकून नवं घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर मिळणारी करसवलत अशा ठेवीला लागू होईल असं धरून चालू नका, सीएला आधी दाखवा.

शेवटी एक तिसरा रस्ता, जो विक्रीवाला सहसा सांगत नाही: भाडं. समजा त्याच वसाहतीत 20,000 भाड्याने फ्लॅट मिळाला आणि कोल्हापूरचा 12,000 ने दिला. आवक 53,900. खर्च 37,000, भाडं 20,000, कोल्हापूरच्या सोसायटीचे 2,000, मिळून 59,000. तूट 5,100, म्हणजे विकत घेण्यापेक्षा कमी. कोल्हापूरचं घर हातात, आणि भाड्याची अनामत सोडली तर 35 लाख जागेवर. उणी बाजू अशी की भाडं वाढतं आणि घरमालक उठवू शकतो. म्हातारपणी पुन्हा सामान बांधणं सोपं नसतं. तरी पहिले सहा महिने मी हेच सुचवेन. मेसची आमटी बाबांना रोज चालते का, हे तेवढ्यात कळतं. हसू नका, जेवण पटलं नाही म्हणून परत फिरणारे असतात.

वही घेऊन आई-बाबांसमोर बसा आणि आकडे त्यांनाच लिहू द्या. बाबांनी तीस वर्षं दुकानाची खतावणी लिहिलीय, तूट कुठे आहे ते तुमच्या आधी त्यांना दिसेल. पुढच्या भागात धंद्याचा पहिल्या बारा महिन्यांचा रोख-प्रवाह मांडू, त्या तक्त्यात ‘आई-बाबा’ अशी एक ओळ मोकळी ठेवून या.