वाचतो, पण कळत नाही

प्रश्न : सातवीतल्या मुलाला अध्ययन-अक्षमता आहे. अडखळत वाचतो, अर्थ लागत नाही. धडा पुन्हा पुन्हा वाचून घ्यावा का?

उत्तर : नुसत्या पारायणाने अर्थ उमगत नाही. गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६मध्ये मांडले, की आकलन म्हणजे अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार; एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य. म्हणून आधी धडा वाचून दाखवा. ऐकून कळला, तर अडचण अक्षरांत आहे, मराठीत बहुधा जोडाक्षरांत. नाही कळला, तर शब्द आणि पूर्वज्ञान कमी पडते आहे. वाचून दाखवल्याने मूल आळशी होते, हा आक्षेप मला पटत नाही. चष्म्याने कुणी आळशी होते का? जोडाक्षरांचा सराव मात्र रोज, वेगळा चालू ठेवा. अर्थासाठी परिच्छेदागणिक थांबा. प्रश्न त्याने विचारायचा, सारही त्यानेच सांगायचे. पॅलिंक्सर आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४मध्ये अशीच रीत सातवीच्या मुलांवर तपासली होती.