नवी बॅटरी आणि तुझी भीड

अगं छकुले, लोणी देवकरच्या एमआयडीसीत लागलीस, आईने गल्लीभर पेढे वाटले, सगळं छान झालं. पण काल फोनवर तू सहज म्हणालीस, स्टोअरमधल्या जुन्या फोर्कलिफ्टला आता लिथियम बॅटरी बसवलीय, पाणी भरायची कटकट गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

बॅटरी वाईट नाही गं. जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगला लावली की गाडी पुन्हा कामाला, ॲसिडचा वास नाही. तुमची बहुतेक एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची असेल. ती निकेलवाल्या बॅटरीपेक्षा थंड डोक्याची. पण तिलाही जोराचा ठोका बसला, पाणी शिरलं किंवा जास्त चार्ज झाली, तर आतला एखादा सेल स्वतःच तापत जातो, शेजारच्यालाही तापवतो आणि विषारी, पेट घेणारा वायू सुटतो. पावडरचा सिलिंडर मारलास तर ज्वाळा बसेल, आतली उष्णता तशीच राहील. भरपूर पाण्याने ती गार करावी लागते, आणि विझली म्हणून बाजूला ठेवलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. ते काम अग्निशमनवाल्यांचं. तू माणसं बाहेर काढायचीस आणि स्वतः निघायचंस.

जून 2024 मध्ये दक्षिण कोरियात ह्वासाँगच्या लिथियम सेलच्या कारखान्याला आग लागून 23 जण गेले. ते सेल वेगळ्या जातीचे, पुन्हा चार्ज न होणारे. पण कॅमेऱ्यात काय दिसलं माहितीय? कामगार माल बाजूला सारतायत, सिलिंडर मारतायत, आणि मिनिटभराच्या आत सगळीकडे धूर. गेलेल्यांत बहुतेक बाहेर देशातून पोटासाठी आलेले. मालासाठी थांबू नकोस, एवढंच माझं ऐक.

आपल्याकडे एप्रिल 2022 मध्ये नाशिकला कंटेनरमधल्या इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या, त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटाने एक लहान मुलगा गेला. त्या डिसेंबरपासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-156 या नियमाच्या चाचण्या कडक झाल्या. बारामतीत बनणाऱ्या पियाजिओच्या इलेक्ट्रिक आपेला त्या द्याव्या लागतात, कारण ती रस्त्यावर धावते. तुमची फोर्कलिफ्ट कुंपणाच्या आत फिरते, तो नियम तिच्यासाठी नाही. म्हणजे चाचण्यांचे कागद आपणच मागायचे.

आणि मला खरी धास्ती आगीचीही नाही, वजनाची आहे. जुनी शिशाची बॅटरी नुसती बॅटरी नसते, पुढे उचललेल्या मालाला मागून तोलून धरणारं वजनही तीच असते. लिथियमची त्यापेक्षा कितीतरी हलकी. कमी पडलेलं वजन लोखंडी ठोकळे टाकून भरलं नसेल, तर नेहमीचाच पॅलेट उचलताना गाडीची मागची चाकं जमिनीवरून उचलली जातील. ऑपरेटरकाकांना विचार, ‘काका, गाडी आताशा पुढे झुकल्यासारखी वाटते का?’ त्यांना अंगाने कळतं. शिवाय बसवली कोणी, फोर्कलिफ्टच्या कंपनीने की कोपऱ्यावरच्या वायरमनने? चार्जर जुनाच चालवतायत का? शिशाचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे संकट घरात बोलावणं. तो चार्जिंग पॉइंट पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी किंवा एकुलत्या एका दाराशी असेल, तर आधी हलवायला सांग. त्यात मे महिन्यात आपल्याकडचं पत्र्याचं शेड काय तापतं, तुला सांगायला नको.

तू भिडस्त आहेस, म्हणून एवढं लिहिलं. डिस्पॅच खोळंबलेला असताना ‘बॅटरी फुगलीय, गाडी थांबवा’ म्हटलंस तर कोणीतरी म्हणणारच, नवीन पोरगी फार शहाणपणा करते. म्हणू देत. तोंडी सांगून झाल्यावर फोटोसकट व्हॉट्सॲपवर टाक, सुपरवायझर आणि सेफ्टी ऑफिसर दोघांना, तारीख आपोआप पडते. नंतर ‘आम्हाला कोणी बोललंच नाही’ असं होत नाही.

आता सुट्टीला आलीस की त्या चार्जरवरच्या पाटीचा फोटो काढून आण. व्होल्ट किती आणि कोणत्या बॅटरीसाठी आहे, ते बसून बघू.