लाखाच्या वर्गणीत डिजिटल वर्ग

गावानं वर्गणी काढून लाखभर रुपये जमवले, की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिलं नाव निघतं टच पॅनेलचं. ६५ इंची पॅनेल साधारण ८० हजारांपासून दीड लाखापर्यंत जातं. म्हणजे सगळी वर्गणी भिंतीवर टांगायची आणि वीज गेली की हात बांधून बसायचं. दोन-तीन खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेनं या फंदात पडू नये. साधा टीव्ही घ्यावा.

किती मोठा? पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत अक्षर नीट वाचता येतं, हा ढोबळ हिशेब. ४३ इंची टीव्हीची उंची जेमतेम पावणेदोन फूट, त्यामुळे साडेदहा फुटांपलीकडच्या मुलाला आकृतीतली नावं वाचता येत नाहीत. ५५ इंची साडेतेरा फुटांपर्यंत पुरतो. किंमत ३५ ते ५० हजार. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, कोटेशनमध्ये तो आकडा तपासा. प्रोजेक्टरचं चित्र मोठं खरं, पण भरदुपारी खिडक्या लावून मुलांना उकाड्यात बसवणं मला पटत नाही.

खरा खर्च विजेचा. इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी १८ ते २५ हजारांत येते. टीव्ही आणि लॅपटॉप मिळून पावणेदोनशे वॉट धरले, तर चारेक तास निघतात. त्याच बॅटरीवर दोन पंखे टाकले की वेळ निम्म्यावर येतो. बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणून त्यासाठी वर्षाला तीन-चार हजार आत्तापासून बाजूला काढा. अनेक शाळांतले संच धूळ खात पडतात ते याच पैशांअभावी. वापरलेला लॅपटॉप १५ ते २० हजारांत मिळतो. अर्थिंग, वायरिंग आणि ब्रॅकेटला पाचेक हजार. बेरीज लाखाच्या आत बसते.

आशयासाठी मात्र एक रुपयाही देऊ नका. विक्रेते ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ म्हणून पेनड्राइव्ह गळ्यात मारतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचं साहित्य फुकट उघडतं. घरून डाउनलोड करून आणलं तर शाळेत रेंज नसली तरी चालतं. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे पडद्यावर करायचे प्रयोग मराठीतही आहेत. बल्ब का पेटला नाही हे मुलांनी तारा जोडून-तोडून शोधायचं असतं, त्यामुळे माउस मुलांच्या हातात द्या. धडा वाचून दाखवणारा व्हिडिओ लावायचा असेल, तर त्यापेक्षा बाईंनी वाचलेला बरा.

पैसे देण्याआधी दुकानदाराला टीव्ही वर्गातच लावून दाखवायला सांगा, दुपारी बाराला, खिडक्या उघड्या ठेवून. पुस्तकाचं एक पान लावा आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाचायला सांगा.