उष्ण हवामानातील परसबागेसाठी नदीकाठचा भूर्ज

बर्च हा शब्द उच्चारताच बर्फाळ प्रदेशातील पांढऱ्याशुभ्र खोडांची रांग डोळ्यांसमोर येते. संस्कृतातील ‘भूर्ज’ आणि इंग्रजीतील ‘बर्च’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले असून वृक्षही एकाच प्रजातीतले आहेत. हिमालयात सुमारे ३००० ते ४५०० मीटर उंचीवर, वृक्षरेषेच्या कडेला वाढणाऱ्या बेटुला युटिलिसची साल म्हणजेच आपले भूर्जपत्र. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात शारदा लिपीतील, भूर्जपत्रावर लिहिलेली ऋग्वेदाची काश्मिरी पोथी जतन केलेली आहे. नावाची ओळख अशी जुनी असली तरी झाड मात्र थंडीचे, ही समजूत पक्की आहे आणि बहुतेक जातींच्या बाबतीत ती खरीही आहे. या समजुतीला ठळक अपवाद ठरलेली जात म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातील ‘रिव्हर बर्च’, अर्थात बेटुला नायग्रा.

ही जात दक्षिण न्यू इंग्लंडपासून फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत आणि पश्चिमेस टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत नैसर्गिकरीत्या आढळते. अमेरिका खंडात इतक्या दक्षिणेकडे, सखल आणि उष्ण मैदानात वाढणारा दुसरा बर्च नाही. नद्यांचे काठ, पूरमैदाने, गाळाच्या ओल्या जमिनी हे तिचे घर. इतर बर्च जातींचे बी शरद ऋतूत पिकते, हिचे मात्र वसंताच्या अखेरीस. त्या वेळी पुराचे पाणी ओसरून काठावर ताजा, ओला, उघडा गाळ उरलेला असतो आणि हलके पंखधारी बी तेथे पडताच रुजते. रोपवाटिकेत बी पेरताना हाच क्रम पाळावा लागतो. बी पिकताच गोळा करून मातीत न गाडता पृष्ठभागावर पसरावे आणि माती सतत ओली ठेवावी.

उष्णता सहन करणे म्हणजे नेमके काय

उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच प्रकारच्या बर्चच्या पानांतील प्रकाशसंश्लेषण २५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानात मोजले होते. तापमान वाढल्यावर सर्वाधिक प्रकाशसंश्लेषण रिव्हर बर्चने टिकवले, तर पेपर बर्चमध्ये (बेटुला पॅपिरिफेरा) सर्वाधिक घट झाली. फरक दिसतो तो पानाच्या कार्यक्षमतेत. पेपर बर्च उन्हाळ्यात तत्काळ मरत नाही. तो उपाशी राहतो, अशक्त होतो आणि किडीला बळी पडतो.

ही कीड म्हणजे ब्राँझ बर्च बोअरर हा खोडकिडा. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे करून अन्नवाहिन्या तोडते. झाड शेंड्याकडून वाळत खाली येते आणि सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची छिद्रे दिसतात. छिद्रे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. किडा मूळचा उत्तर अमेरिकेतील असल्याने तेथील जातींनी त्याच्याशी काही प्रमाणात जुळवून घेतले आहे. युरोप व आशियातील जातींकडे ही शिदोरी नाही. ओहायोत वीस वर्षे चाललेल्या चाचणीत परदेशी जातींची झाडे पहिल्या आठ-नऊ वर्षांतच जवळपास सर्व मेली, तर स्थानिक जातींची बहुसंख्य झाडे चाचणीच्या अखेरपर्यंत टिकली. रिव्हर बर्च या सर्वांत अधिक प्रतिकारक मानला जातो. पांढऱ्या सालीच्या मोहाने जॉर्जिया किंवा कॅरोलिनातील अंगणात युरोपीय बर्च लावणारा घरमालक म्हणूनच दशकभरात झाड तोडण्याचा खर्च करून मोकळा होतो.

वाणाची निवड

रिव्हर बर्चची साल शुभ्र नसते. कोवळेपणी ती गुलाबी-तांबूस व दालचिनी रंगाची असून कागदासारखे पापुद्रे सोडते. वयाबरोबर खालचे खोड काळपट व भेगाळ होते. फिकट सालीसाठी दोन निवडी प्रसिद्ध आहेत. ‘हेरिटेज’ हा वाण अर्ल कली यांनी सेंट लुइसच्या उपनगरातील एका झाडावरून निवडला आणि १९७९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याची पाने मोठी व साल क्रीम ते फिकट गुलाबी असते. ‘ड्यूरा-हीट’ ही जॉर्जियातील रोपवाटिकेची निवड. तिची पाने लहान, जाड व चकचकीत असून ती दक्षिणेकडील कडक उन्हाळ्यासाठीच निवडली गेली. लहान अंगणासाठी ‘लिटल किंग’ हा ठेंगणा वाण आहे. जागा अपुरी असताना मोठा वाण लावून दरवर्षी शेंडा छाटत बसणे ही सर्वांत वाईट निवड होय, कारण मूळ जात १२ ते २१ मीटर उंच आणि जवळपास तितकीच रुंद होते.

लागवड आणि पहिली तीन वर्षे

लागवडीपूर्वी माती तपासून सामू पाहणे अत्यावश्यक आहे. रिव्हर बर्चला आम्लधर्मी जमीन लागते. सामू ६.५ च्या वर गेला की लोह उपलब्ध होत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घराच्या पायाजवळ बांधकामातील चुना व सिमेंट मिसळलेल्या मातीत हे लक्षण हमखास दिसते. लागवडीआधी गंधक मिसळून सामू काहीसा उतरवता येतो. चिलेटेड लोहाची फवारणी हा तात्पुरता उपाय असून चुनखडीच्या जमिनीत तो दरवर्षी करत राहण्यापेक्षा झाडच बदललेले बरे.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन ते तीन पट रुंद, पण त्याहून खोल नसावा. खोड जेथे मुळांकडे फाकते तो भाग जमिनीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. घर, सांडपाण्याची वाहिनी व पोहण्याचा तलाव यांपासून निदान सहा मीटर अंतर ठेवावे. मुळे पाण्याच्या शोधात फार दूर जातात आणि बारीक काड्या, तुरे व पापुद्रे वर्षभर गळत राहतात. नीटनेटक्या अंगणाची हौस असणाऱ्यास हा कचरा त्रासाचा वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे.

या झाडाची बहुतांश मुळे उथळ असतात. पान ४० अंशांत काम करीत असले तरी तापलेल्या, कोरड्या मातीतील मूळ ते करू शकत नाही. उष्णतासहिष्णुतेचा अर्धा भाग असा मातीखाली असतो आणि तो माळ्याच्या हाती असतो. लाकडाचा भुसकट किंवा पालापाचोळ्याचे ५ ते ८ सेंमी जाड आच्छादन फांद्यांच्या घेरापर्यंत पसरावे. खोडाला मात्र ते टेकू देऊ नये. पाणी रोज थोडे न देता आठवड्यातून एक-दोनदा २५ ते ३० सेंमी खोलीपर्यंत मुरेल असे द्यावे. पाण्याचा ताण पडल्यास आतील पाने ऐन उन्हाळ्यात पिवळी होऊन गळतात. हा रोग नव्हे, झाडाने स्वतःचा खर्च कमी केलेला असतो. औषध फवारण्याऐवजी पाणी द्यावे. वसंतात पानांवर उठणाऱ्या सुरकुत्या व फुगवटे बहुधा माव्यामुळे येतात आणि मोठ्या झाडाला त्यांचा विशेष अपाय नसतो.

छाटणी वसंताच्या प्रारंभी केल्यास जखमेतून रस वाहतो. तो प्राणघातक नसला तरी पाने पूर्ण पक्व झाल्यावर, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात छाटणी करणे अधिक चांगले.

भारतातील वाचकांसाठी

‘उष्णतासहिष्णु’ हे विशेषण कोणाच्या तुलनेत लावले आहे, हे विस्तार कार्यकर्त्याने प्रथम विचारावे. अटलांटासारख्या शहरात उन्हाळा ३२ ते ३५ अंशांचा, पण पाऊस बारा महिन्यांत विभागलेला आणि हिवाळ्यात झाडाला आवश्यक विश्रांती देणारी थंडी. विदर्भ वा मराठवाड्यात पाऊस चार महिन्यांचा, त्यानंतर दीर्घ कोरडा काळ, मे महिन्यात ४० अंशांपलीकडे पारा आणि चुनखडीयुक्त काळी जमीन, जिचा सामू बहुधा ७.५ च्या वर. यातील उष्णता एकवेळ पाण्याने सोसवता येईल. सामू आणि हिवाळ्याचा अभाव यांना घरगुती उपाय नाही. बेटुला युटिलिस सखल प्रदेशात लावण्याचा प्रयत्न तर त्याहूनही व्यर्थ होय. परदेशातून रोप वा बी सामानात लपवून आणणे हा २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचा भंग आहे. आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

पापुद्रे सोडणाऱ्या देखण्या सालीचीच हौस असेल, तर महाराष्ट्राला ती बाहेरून आणण्याचे कारण नाही. नदीकाठच्या बर्चची जागा येथे अर्जुन घेतो: तोही काठावरचा, फिकट गुळगुळीत सालीचा व मोठ्या विस्ताराचा. सह्याद्रीच्या पावसाळी भागात पांढुरक्या खोडाचा नाणा, तर कोरड्या खडकाळ उतारावर चांदण्यात चमकणाऱ्या कागदी सालीचा कांडोळ उपयुक्त ठरतो. हिमाचल, उत्तराखंड व ईशान्येकडील मध्यम उंचीच्या भागातील वाचकांना मात्र खरा भूर्ज अंगणात लावता येईल. साधारणपणे १२०० ते २५०० मीटर उंचीवर वाढणारी बेटुला ॲल्नॉइडिस ही तेथील जलद वाढणारी जात असून तिची रोपे स्थानिक बियांपासून तयार केलेलीच घ्यावीत.